आजारावर आलेला आळ : मल्टिपल स्क्लेरोसिस आणि गर्भपात

मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या स्त्रीचा गर्भ पडला, की त्याचे खापर बहुधा तिच्या आजारावर आणि पुढे तिच्यावरच फुटते. आधीच अशी प्रकृती असताना दिवस राहू द्यायलाच नको होते, हे मत घरातली वडीलधारी माणसे जितक्या सहज मांडतात, तितक्याच सहज ते एके काळी वैद्यकशास्त्रही मांडत असे. गेल्या तीन दशकांतील अभ्यासांनी मात्र या समजाचा पाया काढून घेतला असून, हा आजार गर्भपाताची शक्यता लक्षणीयरीत्या वाढवतो असे मानण्यास आज आधार उरलेला नाही. वाढीव धोका जिथे दिसतो, तिथे त्याची मुळे वाढलेल्या वयात, घेतल्या जाणाऱ्या औषधांत किंवा मुळातच चुकलेल्या निदानात सापडण्याचा संभव अधिक असतो. आणि या तिन्हींपैकी शेवटच्या कारणाकडे सर्वांत कमी लक्ष जात असल्यामुळे त्याचा विचार थोडा विस्ताराने करणे आवश्यक आहे.

रुग्ण आणि डॉक्टर ज्याला थोडक्यात ‘एमएस’ म्हणतात, तो हा आजार मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेता यांचा आहे. चेतातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते आणि त्यामुळे संदेश वेगाने वाहतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा या आवरणालाच परके समजून त्यावर हल्ला करते, तेव्हा जागोजागी दाह होऊन व्रण उरतात. एका डोळ्याची दृष्टी अचानक अंधूक होणे, हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, लघवीवर ताबा न राहणे, कशानेही न जाणारा थकवा येणे ही त्याची लक्षणे. बहुतेक रुग्णांत तो झटक्यांच्या रूपाने येतो : काही दिवसांत लक्षणे वाढतात, काही आठवड्यांत पूर्णतः किंवा अंशतः ओसरतात आणि पुन्हा केव्हातरी नवा झटका येतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे पहिले सुसंगत वर्णन केले. २०२० च्या जागतिक पाहणीनुसार जगभरात सुमारे २८ लाख लोकांना तो आहे. स्त्रियांतील प्रमाण पुरुषांच्या किमान दुप्पट असून निदान बहुतेकदा वयाच्या विशी ते चाळिशीदरम्यान, म्हणजे नेमके लग्न आणि मूल यांचे निर्णय होतात त्या काळात होते. भारतात तो युरोपच्या तुलनेत विरळ मानला जातो. मात्र मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पारशी समाजातील त्याचे प्रमाण इतर भारतीयांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दाखवले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीतही या आजाराचा स्पष्ट उल्लेख आहे.

आजाराचा आणि गर्भपाताचा संबंध तपासण्याआधी गर्भपात मुळात किती सर्रास घडतो, हे लक्षात घ्यावे लागते, कारण बहुतेक गैरसमज तिथेच जन्माला येतात. ज्या गर्भधारणा स्त्रीच्या लक्षात येतात, त्यांपैकी साधारण दहा ते वीस टक्के आपोआप संपतात आणि त्यांतील बहुसंख्य पहिल्या बारा आठवड्यांतच संपतात. सुरुवातीच्या काळातील सुमारे निम्म्या गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते, म्हणजे बीज आणि शुक्राणू एकत्र येण्याच्या सुमारासच तो गर्भ टिकणार नाही हे ठरून गेलेले असते. जिना चढणे, पपई खाणे, स्कूटरवर बसणे किंवा दुःखाची बातमी ऐकणे यांचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो. वयाचा संबंध मात्र अगदी सरळ आहे. नॉर्वेतील चार लाखांहून अधिक गर्भधारणांच्या नोंदींवर आधारित, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पंचवीस ते एकोणतीस या वयात गर्भपाताचे प्रमाण सुमारे १० टक्के, तर पंचेचाळिशीनंतर ते ५० टक्क्यांहून अधिक आढळले. निरोगी म्हणवल्या जाणाऱ्या शंभर गर्भवतींपैकी दहा-पंधरा जणींना हा अनुभव येतच असेल, तर मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या शंभर जणींपैकीही तितक्या जणींना तो येणारच. फरक इतकाच, की पहिल्या गटाच्या बाबतीत कारण न कळल्याचे लोक मान्य करतात आणि दुसऱ्या गटाच्या बाबतीत कारण आयतेच हाताशी असते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या रुग्णांना मूल होऊ न देण्याचा सल्ला सर्रास दिला जाई आणि दिवस राहिलेच तर गर्भ काढून टाकण्याचीही शिफारस होई. त्यामागे दुष्टपणा नव्हता. बाळंतपणानंतर झटका आलेल्या स्त्रिया रुग्णालयात येत, म्हणून त्या डॉक्टरांना दिसत. ज्यांना काहीच झाले नाही त्या घरीच राहत आणि कोणाच्याही मोजणीत येत नसत. ही त्रुटी दूर करायची तर गर्भारपणाच्या सुरुवातीपासूनच स्त्रियांची नोंद ठेवून पुढे जायला हवे होते आणि ते काम फ्रान्समधील ल्याँ येथील ख्रिस्तियां कोंफाव्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. बारा युरोपीय देशांतील २५४ स्त्रियांच्या २६९ गर्भधारणांचा हा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भधारणेपूर्वीच्या वर्षात झटक्यांचे प्रमाण दर स्त्रीमागे वर्षाला ०.७ इतके होते, गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत ते ०.२ वर उतरले आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत १.२ वर चढले. त्यानंतर ते पुन्हा पूर्वीच्या पातळीच्या आसपास आले. यातील १.२ हा आकडा वर्षाच्या हिशेबाने काढलेला असल्यामुळे तो वाचताना घाबरण्याचे कारण नाही, कारण प्रत्यक्षात त्या तीन महिन्यांत झटका आला तो सुमारे २८ टक्के स्त्रियांना, म्हणजे बाकीच्या जवळजवळ तीन चतुर्थांश बाळंतिणी सुखरूप राहिल्या. स्तनपानामुळे किंवा प्रसूतीच्या वेळी कण्यात देण्यात येणाऱ्या एपिड्युरल भुलीमुळे झटके वाढत नाहीत, हेही याच अभ्यासातून पुढे आले. आपल्याकडे कण्यातल्या इंजेक्शनबद्दल इतका अपसमज आहे, की हा निष्कर्ष पुन्हा पुन्हा सांगावा लागतो.

गर्भारपणात हा आजार शांत का होतो, याचे उत्तर गर्भ आणि आई यांच्यातील एका विलक्षण तडजोडीत आहे. गर्भाचा अर्धा आनुवंशिक वारसा वडिलांकडून आलेला असतो, त्यामुळे आईच्या प्रतिकारयंत्रणेच्या दृष्टीने तो अर्धा परका असतो. तो टिकावा म्हणून तिच्या पेशींचा आक्रमक कल मंदावतो, दाहाला आवर घालणाऱ्या नियामक पेशींचा प्रभाव वाढतो आणि वारेतून मोठ्या प्रमाणात तयार होणारे एस्ट्रिऑल हे संप्रेरकही या बदलाला हातभार लावते. जी व्यवस्था गर्भाला वाचवते, तीच आईच्या मायलिनलाही काही महिने अभय देते. संधिवाताच्या एका प्रकारात गर्भारपणी आराम पडतो, हे अमेरिकेतील फिलिप हेंच यांनी १९३८ मध्येच नोंदवले होते आणि त्याचे मर्म पुढे याच दिशेने उलगडले. या विवेचनातून एक तर्कसंगत निष्कर्षही निघतो : मल्टिपल स्क्लेरोसिसमधील प्रतिकारयंत्रणेचा रोख मायलिनवर असतो, गर्भाशयावर किंवा वारेवर नसतो, त्यामुळे या आजाराने गर्भ पडण्यास थेट कारणच उरत नाही. नोंदवह्यांतील माहिती या तर्काशी जुळते. काही अभ्यासांत बाळाचे वजन किंचित कमी आणि सिझेरियनचे प्रमाण थोडे अधिक दिसले आहे, तर कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील, अशा मातांच्या ४३२ प्रसूतींची इतरांच्या २,९७५ प्रसूतींशी तुलना करणाऱ्या २०११ मधील अभ्यासात वजन आणि गर्भकाळ या दोन्ही बाबतींत अर्थपूर्ण फरक आढळला नाही.

आजाराइतके निर्दोष प्रमाणपत्र औषधांना मात्र देता येत नाही. झटके कमी करणारी औषधे आता पंधराहून अधिक आहेत आणि गर्भारपणाच्या दृष्टीने त्यांचे स्वभाव एकमेकांपासून इतके भिन्न आहेत, की ‘एमएसचे औषध’ असा एकच शब्द वापरणे धोक्याचे ठरते. सर्वांत जुन्या इंटरफेरॉन-बीटाची कथा बोधप्रद आहे. माकडांना माणसाच्या मात्रेच्या अनेक पट मात्रा दिल्यावर त्यांचे गर्भ पडले आणि २००५ च्या सुमारास काही छोट्या अभ्यासांतही गर्भपात व कमी वजनाची शंका व्यक्त झाली, त्यामुळे हे औषध गर्भधारणेपूर्वीच थांबवण्याची प्रथा पडली. पुढे युरोपातील नोंदवह्यांत हजाराहून अधिक गर्भधारणांची माहिती साठली, तेव्हा तो धोका दिसून आला नाही आणि २०१९ मध्ये युरोपीय औषध संस्थेने गरज असल्यास गर्भारपणातही ते देण्यास मुभा दिली. ग्लॅटिरामर ॲसिटेट या इंजेक्शनवरील बंधन त्याआधीच सैल झाले होते.

गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. फिंगोलिमॉडमुळे बाळात गंभीर जन्मजात व्यंगे होण्याचे प्रमाण सर्वसाधारण दोन-तीन टक्क्यांच्या दुपटीच्या आसपास जात असल्याचे आढळल्याने, युरोपात २०१९ पासून गर्भवतींना आणि परिणामकारक गर्भनिरोधन न वापरणाऱ्या स्त्रियांना ते देण्यास मनाई आहे आणि मूल हवे असल्यास ते दोन महिने आधी बंद करावे लागते. क्लॅड्रिबिनच्या शेवटच्या मात्रेनंतर सहा महिने थांबावे लागते आणि हा नियम पुरुष रुग्णांनाही लागू आहे. टेरिफ्लुनोमाइडची अडचण त्याहून निराळी : गोळी बंद केली तरी ते रक्तात काही वेळा दोन वर्षांपर्यंत रेंगाळते, कारण पित्तातून आतड्यात उतरलेले औषध पुन्हा रक्तात शोषले जाते. म्हणून अकरा दिवस कोलेस्टिरामाइनची भुकटी किंवा सक्रिय कोळसा देऊन हे चक्र तोडले जाते आणि रक्तातील पातळी पुरेशी उतरल्याची खात्री करूनच पुढे जाता येते. प्राण्यांमध्ये या औषधाने गर्भाला अपाय झालेला असल्याने ही दक्षता योग्यच आहे. मात्र नकळत दिवस राहिलेल्या स्त्रियांच्या आतापर्यंतच्या नोंदींत भीती होती तितके व्यंगांचे प्रमाण दिसलेले नाही, त्यामुळे अशा वेळी घाईघाईने गर्भ काढून टाकण्याचा निर्णय न घेता औषध उतरवण्याचे उपचार ताबडतोब सुरू करून तज्ज्ञांचा सल्ला घेणे अधिक शहाणपणाचे असते.

नॅटालिझुमॅब थांबवल्यावर काही महिन्यांतच आजार पूर्वीपेक्षा जोरात उसळण्याची भीती असते, म्हणून तीव्र आजार असलेल्या निवडक स्त्रियांत ते गर्भारपणाच्या उत्तरार्धापर्यंत चालू ठेवले जाते आणि जन्मानंतर बाळाच्या रक्तपेशी तपासल्या जातात. भारतात परवडणारे म्हणून खूप वापरले जाणारे रिटुक्सिमॅब आणि त्याच्याच जातीचे ऑक्रेलिझुमॅब यांचा हिशेब निराळा आहे. ही प्रतिपिंडाच्या रूपातील औषधे पहिल्या तिमाहीत वार ओलांडून फारशी जात नाहीत, पण त्यानंतर अधिकाधिक जातात. मात्र त्यांचा परिणाम औषध शरीरातून गेल्यावरही कित्येक महिने टिकतो, त्यामुळे गर्भधारणेआधी मात्रा घेऊन, ठरावीक काळ थांबून मग प्रयत्न सुरू केल्यास आईला संरक्षण मिळते आणि बाळापर्यंत औषध जवळजवळ पोहोचत नाही. गर्भारपणाच्या उत्तरार्धात अशी मात्रा गेलेली असल्यास बाळाच्या संरक्षक पेशी काही काळ कमी असू शकतात. आपल्याकडे जन्मतःच बीसीजी आणि पोलिओचे तोंडावाटे द्यायचे थेंब या जिवंत लसी दिल्या जातात, म्हणून ही माहिती प्रसूतिगृहातील बालरोगतज्ज्ञांना आधीच कळवलेली असणे फार महत्त्वाचे आहे आणि नेमकी हीच गोष्ट धावपळीत राहून जाते. झटके रोखणाऱ्या औषधांकडे सगळ्यांचे लक्ष असताना लक्षणांवरच्या किरकोळ वाटणाऱ्या गोळ्याही दुर्लक्षित राहतात. थकव्यासाठी दिले जाणारे मोडॅफिनिल आणि वेदनांसाठी किंवा फिट्ससाठी दिले जाणारे टोपिरामेट या दोन्हींचा संबंध जन्मजात व्यंगांशी जोडला गेला आहे.

आता त्या तिसऱ्या कारणाकडे वळता येते. एखाद्या स्त्रीला मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झालेले आहे आणि तिचे गर्भ वारंवार पडत आहेत, अशा वेळी आजाराने हे होते असे म्हणून फाइल मिटवण्यापेक्षा, हा आजार खरोखर तोच आहे का, असा प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे असते. कारण एमआरआयवर मिळतेजुळते डाग दाखवणारे आणि तशीच लक्षणे निर्माण करणारे किमान दोन विकार असे आहेत, की जे गर्भाला खरोखर इजा करतात. त्यांपैकी पहिला न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. यात डोळ्याची चेता आणि मज्जारज्जू यांवर तीव्र हल्ले होतात, त्यामुळे एके काळी तो मल्टिपल स्क्लेरोसिसचाच आशियाई अवतार मानला जाई. २००४ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या व्हँडा लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या रक्तातील एक विशिष्ट प्रतिपिंड शोधून काढले. पुढच्याच वर्षी ते पेशींमध्ये पाण्याची ये-जा करवणाऱ्या ॲक्वापोरिन-४ या प्रथिनाला लक्ष्य करते, हे स्पष्ट झाले. हे प्रथिन मेंदूत आहे तसे वारेतही आहे, विशेषतः गर्भारपणाच्या मधल्या काळात. उंदरांवरील प्रयोगांत या प्रतिपिंडांमुळे वारेचा दाह होऊन गर्भ दगावल्याचे दिसले आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आजार सुरू झाल्यानंतर राहिलेल्या गर्भधारणांत गर्भपाताचे प्रमाण आजाराआधीच्या गर्भधारणांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळले. या विकारात प्रसूतीनंतरचे झटकेही अधिक घातक असतात आणि मल्टिपल स्क्लेरोसिसवरील इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड किंवा नॅटालिझुमॅब दिल्यास तो उलट बिघडू शकतो. मल्टिपल स्क्लेरोसिसच तुलनेने विरळ असलेल्या भारतासारख्या देशात दोन्हींमधील गल्लत महागात पडते, आणि ती टाळणारी तपासणी म्हणजे केवळ एक रक्तचाचणी आहे.

दुसरा विकार अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. लंडनचे ग्रॅहम ह्यूझ यांनी १९८३ मध्ये त्याचे वर्णन केले. यातील प्रतिपिंडांमुळे रक्त नको तिथे गोठते. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्या तर एमआरआयवर मल्टिपल स्क्लेरोसिससारखे पांढरे डाग दिसतात आणि तीच प्रतिपिंडे वारेच्या जडणघडणीत बिघाड करून तिचे कार्य मंदावतात, तेव्हा गर्भ दगावतो. म्हणजे मेंदूचा आजार आणि गर्भपात या दोन स्वतंत्र दुर्दैवी घटना नसून एकाच कारणाचे दोन परिणाम असतात. दहा आठवड्यांआधी लागोपाठ तीन गर्भपात होणे, किंवा त्यानंतर रचनेने निरोगी दिसणारा एक गर्भ जाणे, हा या विकाराचा संशय घेण्याइतका पुरेसा आधार पूर्वीपासून मानला गेला आहे. चाचणी एकदा करून भागत नाही. किमान बारा आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा करावी लागते, कारण कमी पातळीची अशी प्रतिपिंडे तात्पुरत्या संसर्गानंतर आणि खुद्द मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही आढळतात, त्यामुळे एका अहवालावरून निदान फिरवणे तितकेच चुकीचे ठरते. निदान पक्के झाले तर मात्र अल्प मात्रेतील ॲस्पिरिन आणि हेपारिनची इंजेक्शने यांच्या आधाराने यातील बहुतेक स्त्रियांना जिवंत बाळ मिळते. योग्य नाव सापडल्याने उपचारच बदलतो, असे वैद्यकात नेहमी घडत नाही. इथे ते घडते.

वयाचा मुद्दा भारतीय संदर्भात जरा गुंतागुंतीचा होतो. निदान झाल्यावर लग्न लांबते किंवा आजार लपवून केले जाते, मग औषधांच्या चक्रात आणि ‘आधी आजार आटोक्यात येऊ दे’ या सल्ल्यात आणखी काही वर्षे जातात, आणि पस्तिशीच्या पुढे गर्भपाताची वाढलेली शक्यता पुन्हा आजाराच्याच खात्यात जमा होते. आजार वर्षभर तरी स्थिर असावा, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र ती पूर्ण होण्यासाठी सुरक्षित औषधाची निवड निदानाच्या दिवसापासूनच मुलाचा विचार डोळ्यांपुढे ठेवून केली गेली, तर ही वर्षे वाया जात नाहीत. जोडीला थायरॉइडची तपासणी, मधुमेहावर नियंत्रण, ड जीवनसत्त्वाची पातळी आणि गर्भधारणेआधीपासून फोलिक ॲसिड ही साधी तयारी इतर कोणत्याही स्त्रीइतकीच लागते. बाळालाही हा आजार होईल का, या प्रश्नाचे उत्तर युरोपीय अभ्यासांच्या आधारे असे देता येते, की आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असल्यास मुलाला तो होण्याची शक्यता दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असते. ती इतरांपेक्षा जास्त असली, तरी शंभरांपैकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव मुलांना तो होत नाही.

इतके सगळे करूनही गर्भ पडू शकतो, कारण गुणसूत्रांची चूक कोणत्याही नियोजनाला जुमानत नाही. त्यानंतरच्या आठवड्यांकडे मात्र सहसा कोणी बघत नाही. गर्भारपणाने आजाराला दिलेले अभय अर्धवट काळातच संपलेले असते आणि पुष्कळदा औषधही आधीच बंद केलेले असते, त्यामुळे त्या स्त्रीला या काळात प्रसूत झालेल्या स्त्रीइतक्याच देखरेखीची गरज असते. तिच्या मेंदूविकारतज्ज्ञांना ही बातमी पुढच्या नियमित भेटीत नव्हे, तर त्याच आठवड्यात कळायला हवी. पुन्हा लगेच प्रयत्न करायचा असेल तर गर्भारपणाला चालणारे औषध निवडता येते, काही काळ थांबायचे असेल तर पूर्वीचे औषध सुरू करता येते, आणि नवा झटका आलाच तर शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन देता येते. गर्भपातानंतरचा थकवा, झोप न लागणे, रडू येणे आणि हातपाय जड वाटणे ही दुःखाची लक्षणे आजाराच्या लक्षणांशी इतकी मिसळून जातात, की खरा झटका कोणता आणि शोक कोणता हे तपासणीशिवाय सांगता येत नाही. म्हणूनच चोवीस तासांहून अधिक टिकणारे नवे लक्षण दिसल्यास ते मनाचे खेळ म्हणून न सोडता आधी लघवीचा संसर्ग किंवा ताप नाही ना हे पाहिले जाते, आणि गर्भ टिकलेला नसल्यामुळे गॅडोलिनियम या द्रव्यासह एमआरआय करण्यास आता अडथळाही उरलेला नसतो.